एकशे बेचाळीस ओळी

फाईल सापडत नाही, अशी ओळ पडद्यावर आली तेव्हा तिला आधी हसूच आलं. सकाळी आठपासून नवं मशीन गुरगुरत होतं. साडेअकरा हजार फाईली एकेक करून वाचायच्या, मशीनच्या पचनी पडतील अशा करायच्या, एकीवर एक रचायच्या आणि त्यातून शेवटी एक आख्खी ऑपरेटिंग सिस्टीम उभी करायची, असं ते चार तासांचं काम. आणि साडेतीन तास सगळं सुरळीत चालल्यावर ते अगदी दाराशी येऊन एका चिटुकल्या फाईलीसाठी अडून बसलं होतं. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, असं ती शेजारच्या खुर्चीतल्या, सगळ्यांच्या कोडमधल्या चुका हुडकणाऱ्या तपासनिसाला म्हणाली. तो कानांना हेडफोन लावून बसला होता, त्यानं न बघताच अंगठा वर केला. घाबरण्यासारखं यात काही नव्हतं. बिल्ड पडणं, म्हणजे असं बांधकाम मध्येच अडून थांबणं, हे तिच्या बावीस वर्षांच्या नोकरीत रोजचंच होतं. कंपनी रुग्णालयातल्या खाटांशेजारी उभे असतात ते औषधाचे पंप बनवायची, शिरेत किती थेंब जायचे ते मोजून सोडणारे. प्रत्येक पंपाच्या पोटात एक छोटा संगणक असायचा, आणि त्या संगणकाला चालवणारी सिस्टीम मूळ सोर्स कोडपासून बांधून काढायचं काम तिचं. बाकीचे लिहायचे, ती बांधायची, आणि अडलंनडलं तर स्वतःही लिहायची. जुनं मशीन गेल्या गुरुवारी जळक्या वायरीचा वास सोडून कायमचं गप्प झालं, आणि म्हणून ही वेळ आली. एरवी जेवढं बदललं असेल तेवढंच नव्यानं बांधायचं आणि बाकीचं आधीचं तयार असलेलं उचलायचं, अशी रीत होती. शून्यापासून सगळं बांधण्याची गरज कित्येक वर्षांत कुणाला पडली नव्हती.

जुन्या मशीनची डिस्क मात्र वाचली होती. ती तिनं वायरीनं जोडली, नाव टाकून शोध लावला आणि फाईल मिनिटभरात मिळाली. म्हणजे कुणीतरी नवी फाईल लिहिली होती आणि सगळ्यांच्या सामाईक भांडारात टाकायला विसरलं होतं. या धंद्यातली ही अगदी बाळबोध चूक. फाईल आपल्या मशीनवर असते, तिथे सगळं बिनतक्रार चालतं, आणि दुसऱ्या मशीनवर बांधायला गेल्याशिवाय ती भांडारात नाहीच हे कळत नाही. प्रत्येकानं एकदा तरी केलेली असते आणि प्रत्येकजण दुसऱ्यानं केली की हसतो. कुणाचे कान पकडायचे ते बघावं म्हणून तिनं फाईल उघडली. आधी खालचा मजकूर वाचला. एकशे बेचाळीस ओळी. वीज जाऊन परत आली, तर आधी किती थेंब सोडले ते पंपानं विसरू नये, म्हणून केलेली सोय होती ती. नेटकी, कुठे उगीच पसारा नाही. शाबास, कुणीतरी मन लावून लिहिलंय, असं तिच्या मनात आलं. मग तिनं वर बघितलं. वर तिचंच नाव होतं. खाली तारीख होती, सात महिन्यांपूर्वीची, मंगळवारची.

भीती नंतर आली. आधी ती नुसती बघत राहिली. मंगळवार. ती त्या मंगळवारी कुठे होती? इथेच, याच खुर्चीत, दुसरीकडे कुठे असणार. पण एकशे बेचाळीस ओळी म्हणजे काही पाणी पिणं नव्हे. दोन दिवस तरी गेले असतील. कागदावर आकृत्या काढल्या असतील, कुठेतरी अडलं असेल, बसमध्ये विचार केला असेल, रात्री नवऱ्याला कंटाळा येईपर्यंत सांगितलं असेल. ती फाईलीतून वरखाली फिरली. एखादी ओळ तरी ओळख देईल म्हणून वाट बघू लागली. कुठल्याच ओळीनं ओळख दिली नाही. विसरणं तिला माहीत होतं. चष्मा कुठे ठेवला, गॅस बंद केला का, शेजारणीच्या सुनेचं नाव काय. तिथे एक रिकामी जागा असते आणि आपल्याला ती जागा दिसते. इथे जागाच नव्हती. सगळं गच्च भरलेलं होतं, मंगळवार, बुधवार, गुरुवार, आणि त्यात ही फाईल कुठेही बसत नव्हती. तिनं टेबलाची कड धरली आणि कुणी बघतंय का ते बघितलं.

विसरणं सुरू झालं तेव्हा वडील त्रेपन्न वर्षांचे होते. ती आता एक्कावन्नची होती. हा हिशोब ती पन्नाशी ओलांडल्यापासून रोज करत होती, आणि रोज स्वतःला बजावत होती की असले हिशोब करू नयेत. वडील कपडे शिवायच्या दुकानात कटिंग मास्तर होते. उंच टेबलापाशी दिवसभर उभे, गळ्यात टेप, कानावर खडू. मापाची वही उघडी असायची ती गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. मापं त्यांच्या डोक्यात असायची, तीस तीस वर्षं जुनी, कुणाचा उजवा खांदा उतरता आहे ते सुद्धा. ती कॉलेजातून आली की टेबलाच्या टोकाला बसून अभ्यास करायची. त्या दुपारी वडिलांनी एका कोटाच्या बाह्या कापल्या. कात्री चालण्याचा तो जाड, दमदार आवाज तिच्या कानांत अजून होता. संध्याकाळी कोट जोडायला घेतला तेव्हा दोन्ही बाह्या डाव्या निघाल्या. वडिलांनी त्या उचलल्या, उलटसुलट केल्या आणि विचारलं, "कुणी कापल्या या?" खोटं बोलत नव्हते ते. तेच भयंकर होतं. त्यांच्या चेहऱ्यावर निव्वळ राग होता, दुसऱ्याच्या हलगर्जीपणाचा खराखुरा राग. शिलाई मशीनवर बसणारा कारागीर चौदा वर्षं त्यांच्या हाताखाली होता. त्याच्यावर खापर फुटलं. तो म्हणाला, "मास्तर, मी कात्रीला हात लावला नाही." वडील म्हणाले, "मग काय भुतानं कापल्या?" दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही. आईनं त्याच रंगाचं कापड आणून नव्या बाह्या कापल्या, आणि पुढे दोन वर्षं ती रोज दुकानात जाऊन वडिलांच्या मागून फिरत राहिली, कापलेलं निस्तरत. कामाच्या गडबडीत होतं असं, हे तिचं पालुपद. आणि मुलगी, एकोणीस वर्षांची, जिनं स्वतःच्या डोळ्यांनी वडिलांना त्या बाह्या कापताना बघितलं होतं, ती पुस्तकात डोकं घालून गप्प बसली होती.

"काय मॅडम, कुठवर आलं?" साहेब पाठीमागे उभे होते. तिच्याहून दहा वर्षांनी लहान, पायांत चाकं असल्यासारखे फिरायचे आणि उत्तर मिळायच्या आत पुढच्या टेबलाकडे निघायचे.

"एक फाईल भांडारात टाकायची राहून गेली होती. सापडली आता. टाकते आणि पुन्हा लावते."

"कुणाचा प्रताप?"

तिनं हसायचा प्रयत्न केला. "नाव माझं आहे. पण लिहिल्याचं काही आठवत नाही बाई."

"मग तुमचा नसणारच!" साहेब लगेच म्हणाले. "तुमच्या मशीनवर काय, येईल तो बसायचा. धर्मशाळाच होती ती. तो आपला चष्मेवाला नाही का, महिनाभर तिथेच ठाण मांडून होता. त्याचंच काम हे."

हे खरं होतं, आणि म्हणून जास्त वाईट होतं. जुनं मशीन सकाळी तिच्या नावानं उघडायचं ते संध्याकाळपर्यंत उघडंच राहायचं. कुणाला घाईनं काही दुरुस्त करायचं असलं की तो येऊन बसायचा, टाईप करायचा आणि उठून जायचा. नाव तिचं लागायचं. नियमात हे बसत नव्हतं, पण सगळ्यांच्या सोयीचं होतं. चष्मेवाला पोरगेलासा, अबोल माणूस, सहा महिन्यांपूर्वी नोकरी सोडून गेलेला.

"असेल," ती म्हणाली.

"असेल काय, आहेच. बरं झालं कळलं ते. त्याच्या नव्या कंपनीनं विचारणा केलीय, माणूस कसा आहे म्हणून. पाचपर्यंत उत्तर द्यायचंय. लिहून टाकतो, काम अर्धवट सोडतो, भरवसा नाही." आणि साहेब निघालेही. तपासनिसानं एका कानावरचा हेडफोन काढून तिच्याकडे बघितलं. ती बघतेय असं दिसताच पुन्हा लावला.

तिचा जीव भांड्यात पडला. अगदी खरोखर, छातीतून काहीतरी खाली उतरून जागेवर बसलं. चष्मेवाला. अर्थातच. तिनं फाईल भांडारात टाकली, नवं बिल्ड लावलं, बारा वाजून दहा मिनिटं झाली होती, म्हणजे चार वाजेपर्यंत वाट बघणं आलं. पडद्यावर फाईलींची नावं सरसर वर जाऊ लागली. डबा उघडला, दोन घास खाल्ले, बंद केला. मग बाथरूममध्ये गेली, कडी लावली आणि भिंतीला पाठ टेकून उभी राहिली. शंभरातून सात. त्र्याण्णव. शहाऐंशी. एकोणऐंशी. डॉक्टरांनी वडिलांना हेच विचारलं होतं. वडील शहाऐंशीपर्यंत आले, थांबले, मग त्या डॉक्टरबाईंना अदबीनं म्हणाले, "कापड किती पन्ह्याचं आहे ते सांगा, मग पुढचं सांगतो." डॉक्टरबाई हसल्या, वडील हसले, आई सुद्धा हसली, आणि बाहेर आल्यावर जिन्यात आईनं भिंतीला हात लावून डोळे मिटले होते. बाहत्तर. पासष्ट. अठ्ठावन्न. ती बिनचूक दोनपर्यंत उतरली. मग शाळेतल्या बाईंची नावं, बसचे थांबे, मुलीच्या तिन्ही फोनचे जुने नंबर. सगळं होतं. सगळं जिथल्या तिथे होतं. पण आपल्याला आठवतं तेवढंच आपण स्वतःला विचारतो, हे तिला तिथे, त्या ओल्या फरशीवर उभी असताना कळलं. जे गेलंय त्याचा प्रश्न विचारायचा कसा? ते गेलंय हे कळायला तरी बिल्ड पडावं लागतं, मशीन जळावं लागतं. आणि जी मशीनं जळली नाहीत त्यांचं काय? बाहेर कुणीतरी कडी वाजवली. "झालं, झालं," असं ती इतक्या मोठ्यानं म्हणाली की बाहेरची बाई दचकून दुसरीकडे गेली.

टेबलाशी येऊन तिनं ती फाईल पुन्हा उघडली. कशाला उघडली, ते तिला माहीत होतं. चोराच्या मनात चांदणं. चष्मेवाल्याची एखादी लकब सापडावी, की मग कायमची सुटका. तो चलांना लांबलचक नावं द्यायचा. इथे नावं आखूड होती. तो ओळ आत सरकवायला चार मोकळ्या जागा सोडायचा, इथे दोन होत्या. हरकत नाही, दुसऱ्याच्या घरात माणूस दुसऱ्याच्या पद्धतीनं वागतो. मग तिची नजर अडतिसाव्या ओळीवर गेली. तिथे फाईलीचा पहिला भाग संपत होता आणि त्याखाली तीन टिंबं होती. सत्त्याऐंशीव्या ओळीखाली तीन टिंबं. एकशे बेचाळिसाव्या ओळीनंतर तीन टिंबं. मशीनला त्यांचा काही उपयोग नाही, ते ती वगळून पुढे जातं. वाचणाऱ्यालाही नाही. वडील तुकडा कापून झाला की उलट्या बाजूला खडूचे तीन ठिपके द्यायचे, म्हणजे हा पाहिला, तपासला, आता पुढे जाऊ दे. नोकरीच्या पहिल्या वर्षी तिनं ते गंमत म्हणून उचललं होतं आणि मग हाताला वळण पडलं. कुणी विचारलं नव्हतं, तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नाही. चष्मेवाला जन्मात हे करणार नव्हता.

म्हणजे तिनं तपासलंही होतं. दोन दिवस लिहून, तपासून, समाधानानं टिंबं देऊन ती घरी गेली होती, आणि ती बाई, ते दोन दिवस जगलेली बाई, कुठेच नव्हती. भीती आता सगळीकडे होती, कळफलकावर, स्वतःच्याच बोटांवर. ही बोटं काय काय करतात आणि आपल्याला सांगत नाहीत? पंपांचा विचार आला. त्या पंपांखाली झोपलेली माणसं आली. ही फाईल चांगली होती, ठीक. पण वाईट फाईलही ती याच समाधानानं लिहील आणि तिच्याखाली तीन टिंबं देईल. सांगून टाकावं? सांगितलं की संपलं. दुसऱ्या दिवसापासून कुणीतरी तिच्या मागे उभं राहील. साहेब गोड बोलतील, काम काढून घेतील. घरी मुलगी, जिचं आत्ता कुठे बस्तान बसतंय, ती सगळं टाकून येईल आणि तिच्याशी सावकाश, मोठ्यानं बोलू लागेल. नवरा गॅसची बटणं तपासेल. आणि न सांगितलं तर कुणाचं काय बिघडतं? एक माणूस, जो गेलाच आहे, त्याला एक नोकरी मिळणार नाही. मिळेल दुसरी. कारागिरालाही मिळालीच असेल दुसरी. असेल की. तिनं कधी चौकशी केली नव्हती. पडद्यावर दहा हजार तीनशे फाईली होऊन गेल्या, सकाळी अडलेली जागा मागे पडली आणि मशीन पुढे चालू लागलं. घड्याळात पावणेचार झाले होते.

साहेबांच्या केबिनचं दार काचेचं होतं. ती आत गेली तेव्हा ते टाईपच करत होते. बसा म्हणाले, ती बसली नाही.

"ती फाईल माझी आहे," ती म्हणाली. "चष्मेवाल्याची नाही. मीच लिहिलीय."

"आठवलं का? बरं झालं!"

"नाही आठवलं."

साहेबांनी मान वर केली. "मग?"

"माझी आहे एवढं कळलं. आठवत नाही. लिहिलेलंच आठवत नाही, साहेब. एक ओळसुद्धा."

"अहो मॅडम, विसरतो माणूस. मी परवा गाडी कुठे लावली ते..."

"तसं नाही हो," ती म्हणाली. "गाडी लावली हे तुम्हाला आठवत होतं. माझ्या वडिलांना हेच झालं होतं. मला भीती वाटतेय."

साहेबांनी टेबलावरचं पेन उचललं आणि दुसरीकडे ठेवलं. काही बोलायचं म्हणून म्हणाले, "डॉक्टरांना दाखवून घ्या. रजा हवी तर घ्या." मग पडद्याकडे वळून, "पत्रातला तो मजकूर काढतो मी." तिनं तिथेच उभं राहून, ते काढेपर्यंत, बघितलं. साहेबांना ते आवडलं नाही.

ती बाहेर आली. जागेवर येऊन बसेपर्यंत तिला वाटत होतं की सगळं ऑफिस आपल्याकडे बघतंय. कुणीही बघत नव्हतं. तपासनिसानं हेडफोन काढून टेबलावर ठेवले होते. "झालं तुझं बिल्ड," तो म्हणाला. "पास. एकही चूक नाही." काचेतून त्यानं सगळं बघितलं असणार. वीस वर्षं शेजारी बसलेला माणूस. तोंडाला कुलूप नसलेला, साहेबांच्या भाषणातल्या चुकाही यादी करून परत पाठवणारा, दिसलेला दोष कधी पोटात न ठेवणारा. आता काहीतरी चावट बोलेल, म्हणून ती वाट बघत राहिली. त्यानं फक्त खुर्ची तिच्याकडे वळवली. मग तिनं त्याला सांगितलं, हळू आवाजात, फाईल, मंगळवार, वडील, सगळं. त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. ते तिला सांगता सांगता दिसलं, आणि ती मध्येच थांबली.

"ही पहिली नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"तू एकच दुरुस्ती दोनदा केलीस एकदा. वेगवेगळी. मी एक काढून टाकली. मग एकदा आकडे उलटे लागले होते, ते मी सरळ केले. तुझ्या मशीनवर बसूनच केले, म्हणजे नाव तुझंच लागलं." तो स्वतःच्या बोटांकडे बघत बोलत होता. "पहिल्यांदा वाटलं, दमली असशील. मग वाटलं, आता सांगितलं तर आधी का नाही सांगितलं म्हणशील. मग राहूनच गेलं."

"नोंद केलीस?"

"चुकांच्या यादीत नाही घातल्या. साहेबांना नाही." त्यानं खण उघडला आणि एक साधी, पाठकोऱ्या कागदांची चळत काढली. "माझ्यापाशी आहेत. तारखा आहेत सगळ्यांच्या."

"किती?"

त्यानं चळत टेबलावर ठेवली. चळतीच्या जाडीवरून तिला ते दिसलंच होतं. तिला त्याचा राग यायला हवा होता, आणि आला असता तर बरं झालं असतं. पण तिथे फक्त भीती होती, आणि त्या भीतीत ती आता एकटी नव्हती एवढाच फरक. तिनं खुर्ची ओढली आणि त्याच्या टेबलाला लावून बसली.

"पहिल्यापासून वाच," ती म्हणाली. "आणि मी मध्येच म्हणाले की ही चूक माझी नाही, तर ऐकू नकोस."